हालिकार्नाससचा कोळी

तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावर उन्हाळा सुरू झाला की बोदरुम, मार्मारिस, फेथिये या बंदरांतून लाकडी गलबते बाहेर पडू लागतात. मूठभर प्रवासी, तीन-चार खलाशी आणि आठवडाभराचा शिधा एवढाच पसारा. दिवसा एखाद्या निर्जन खाडीत नांगर टाकायचा, किनाऱ्यावर उतरून दोन हजार वर्षांपूर्वीच्या खुल्या नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्यांवर बसायचे आणि वारा पडला की पुढची खाडी गाठायची, असा या सफरींचा क्रम असतो. प्रचंड प्रवासी जहाजांना जेथे शिरताच येत नाही, अशा अरुंद खाड्यांच्या काठी येथील अनेक प्राचीन नगरे वसली होती. त्यांचे दरवाजे समुद्राकडेच उघडत. त्यामुळे त्यांच्याकडे जाण्याचा खरा मार्गही समुद्राचाच. तुर्की भाषेत या प्रवासाला ‘मावी योल्जुलुक’, म्हणजे ‘निळी सफर’ असे म्हणतात.

आज हा एक मोठा व्यवसाय आहे. परंतु त्याचा आरंभ कोणा पर्यटन कंपनीने केला नाही. तो केला एका हद्दपार कैद्याने. जेवात शाकिर काबाआचली हे त्यांचे नाव. तुर्की वाचक त्यांना ओळखतात ते मात्र त्यांनी स्वतः घेतलेल्या नावाने : हालिकार्नाससचा कोळी.

कोळ्याच्या घरी त्यांचा जन्म झालेला नव्हता. १८९० मध्ये क्रीट बेटावर जन्मलेले जेवात शाकिर ऑटोमन साम्राज्यातील एका बड्या घराण्याचे पुत्र होते. ज्यांचे नाव त्यांना ठेवण्यात आले ते काका जेवात पाशा साम्राज्याचे वजीर-ए-आझम होते. वडील शाकिर पाशा हे सेनाधिकारी, मुत्सद्दी आणि इतिहासाचे अभ्यासक. त्यांची नेमणूक अथेन्सला झाल्यामुळे जेवात यांचे बालपण ग्रीक भाषेच्या सहवासात गेले. पुढे हे कुटुंब इस्तंबूलजवळच्या ब्युयुकादा बेटावर राहू लागले. या घरात कलेला जणू वारसाहक्कच होता. फाहरेलनिसा झैद आणि आलिये बर्गर या त्यांच्या दोन बहिणी पुढे नामांकित चित्रकार झाल्या, तर भाची फ्युरेया कोराल यांनी मृत्तिकाशिल्पात मोठे नाव मिळवले. जेवात यांचे शिक्षण इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात झाले आणि नंतर ते आधुनिक इतिहासाच्या अभ्यासासाठी ऑक्सफर्डला गेले. पुढची वाट मुत्सद्देगिरीची, मानमरातबाची असणार, हे जवळजवळ ठरलेलेच होते.

ती वाट १९१४ मध्ये कायमची बंद झाली. ऑक्सफर्डहून परतलेला, इटालियन पत्नी करून आलेला, खर्चिक स्वभावाचा मुलगा आणि आर्थिक ओढाताणीत सापडलेले करारी वडील यांच्यात तणाव वाढत गेला. अफ्योन येथील शेतवाडीवर झालेल्या भांडणात जेवात यांच्या पिस्तुलातून सुटलेल्या गोळीने शाकिर पाशांचा मृत्यू झाला. त्या रात्री नेमके काय घडले याविषयी घराण्यात आणि चरित्रकारांत आजही एकमत नाही. न्यायालयाने मात्र पितृहत्येचा ठपका ठेवून त्यांना दीर्घ तुरुंगवासाची शिक्षा दिली. पहिले महायुद्ध झाले, साम्राज्य कोसळले, आणि हा सारा काळ त्यांनी कोठडीत काढला. क्षयाने ग्रासल्यामुळे सुमारे सात वर्षांनी त्यांची सुटका झाली. त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहताना ही घटना झाकून ठेवता येत नाही. समुद्राविषयी, उन्हाविषयी आणि मोकळ्या हवेविषयी त्यांनी जे भरभरून लिहिले, त्यामागे अंधाराची ही वर्षे उभी आहेत.

लेखाची शिक्षा

सुटकेनंतर जेवात शाकिर इस्तंबूलमध्ये नियतकालिकांसाठी चित्रे काढून, मुखपृष्ठे रंगवून, अनुवाद करून आणि कथा लिहून पोट भरू लागले. एप्रिल १९२५ मध्ये ‘रेसिमली हाफ्ता’ या साप्ताहिकात त्यांचा एक मजकूर प्रसिद्ध झाला. सैन्यातून पळून गेलेल्या आणि त्यासाठी मृत्युदंड मिळालेल्या काही कैद्यांची ती कहाणी होती. तुरुंगात जे ऐकले, पाहिले, तेच त्यांनी सांगितले होते.

काळ मात्र अनुकूल नव्हता. तुर्की प्रजासत्ताक अवघ्या दीड वर्षाचे होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पूर्वेकडे शेख सईद यांचे बंड उफाळले होते आणि मार्चमध्ये सरकारने सुव्यवस्था राखण्याच्या नावाखाली कडक कायदा केला होता. अशा वेळी सैनिकांना पळून जाण्यास प्रवृत्त करणारे लेखन केल्याचा आरोप होणे, म्हणजे फासाच्या दोराजवळ जाऊन उभे राहणेच होते. अंकाराच्या विशेष न्यायाधिकरणापुढे खटला चालला. जेवात शाकिर यांना तीन वर्षे बोदरुमच्या किल्ल्यात स्थानबद्ध ठेवण्याची शिक्षा झाली. साप्ताहिकाचे संपादक झेकेरिया सर्तेल यांची रवानगी काळ्या समुद्राकाठच्या सिनोपला झाली.

‘बोदरुम’ या शब्दाचा तुर्की भाषेतील अर्थ तळघर. सात वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाला हे नाव ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. शिपायांच्या पहाऱ्यात, टप्प्याटप्प्याने, धड रस्ते नसलेल्या मुलखातून त्यांना तेथे नेण्यात आले. पुढे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मावी स्युर्ग्युन’ या आत्मकथनात त्यांनी या प्रवासाचे वर्णन केले आहे. या शीर्षकाचा अर्थ ‘निळी हद्दपारी’. शेवटची टेकडी ओलांडल्यावर एकाएकी समोर समुद्र पसरलेला दिसतो, हा त्या पुस्तकातील मध्यवर्ती क्षण आहे.

बोदरुमला पोहोचल्यावर आणखी एक आश्चर्य त्यांची वाट पाहत होते. स्थानिक अधिकाऱ्याने त्यांना कोठडीत डांबण्याऐवजी गावाच्या हद्दीत मोकळे राहण्याची मुभा दिली. जेवात यांनी समुद्राला लागून एक घर भाड्याने घेतले. ज्या गावी त्यांना गाडून टाकण्यासाठी पाठवले होते, त्याच गावी ते पुन्हा जगू लागले.

गावाच्या पोटातील इतिहास

ते बोदरुम म्हणजे आजचे गजबजलेले शहर नव्हे. स्पंज काढणारे पाणबुडे, मासेमार आणि लहान बागायतदार यांचे ते एक विस्मृतीत गेलेले खेडे होते. १९२३ मध्ये तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल ठरली. तिच्यामुळे येथील ग्रीक ख्रिस्ती कुटुंबे समुद्रापलीकडे गेली होती आणि क्रीटवरून आलेले मुसलमान त्यांच्या घरांत राहू लागले होते. हे नवे रहिवासी आपसांत ग्रीकच बोलत. थोडक्यात, त्या गावातील बहुतेकांना घर सोडण्याचे दुःख ठाऊक होते. क्रीटमध्ये जन्मलेल्या आणि ग्रीक जाणणाऱ्या या कैद्याला त्यांच्यात मिसळायला वेळ लागला नाही.

या खेड्याच्या जमिनीखाली आणि भिंतींमध्ये मात्र एक महानगर होते. प्राचीन हालिकार्नासस ते हेच. इतिहासलेखनाचा जनक मानला जाणारा हेरोडोटस इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या आरंभी येथेच जन्मला. सालामिसच्या सागरी युद्धात इराणी सम्राटाच्या बाजूने स्वतःची जहाजे घेऊन लढणारी राणी आर्तेमिसिया येथलीच. पुढे इसवी सनपूर्व ३५३ मध्ये राजा मौसोलस मरण पावला आणि त्याच्या स्मरणार्थ जगातील सात आश्चर्यांत गणले गेलेले थडगे येथे उभे राहिले. भव्य समाधीसाठी युरोपीय भाषांत रूढ झालेला ‘मॉसोलियम’ हा शब्द त्याच राजाच्या नावावरून आला. ही वास्तू भूकंपांत ढासळली. पंधराव्या शतकापासून सेंट जॉनच्या सरदारांनी बंदराच्या तोंडावर किल्ला उभारला, तेव्हा तिचे दगड त्याच्या तटबंदीत गेले. उरलेली शिल्पे चार्ल्स न्यूटन यांनी १८५७ च्या सुमारास उत्खनन करून ब्रिटिश संग्रहालयात नेली.

इतिहासाचा विद्यार्थी असलेल्या जेवात यांना हे सारे पुस्तकांतून ठाऊक असणारच. बोदरुमला त्यांनी ते कोळ्यांच्या बरोबर पाहिले. कोणत्या खाडीत पाण्याखाली भिंत दिसते, कोणत्या भुशिरापाशी जाळ्यात मातीचे रांजण अडकतात, वारा फिरला की कोणत्या आडोशाला जायचे, हे त्या निरक्षर माणसांना पाठ होते. प्राचीन खलाशांनी ज्या कारणांसाठी जी बंदरे निवडली, त्याच कारणांसाठी हे कोळी अजूनही तेथे नांगर टाकत. या किनाऱ्याचा इतिहास समजून घ्यायचा तर तो होडीतून पाहिला पाहिजे, हे जेवात यांना उमगले ते येथे.

शिक्षेचा उत्तरार्ध इस्तंबूलमध्ये काढण्याची परवानगी त्यांना मिळाली. शिक्षा संपली, ते मोकळे झाले आणि त्यांनी सामान बांधून पुन्हा बोदरुम गाठले. सरकारने ठोठावलेली हद्दपारी त्यांनी आता आपखुशीने पत्करली होती. एका बड्या घराण्याशी जोडलेले नाव मागे पडले आणि ‘हालिकार्नास बालिक्चिसी’, म्हणजे हालिकार्नाससचा कोळी, ही सही सुरू झाली.

पुढची सुमारे दोन दशके त्यांनी या गावाला दिली. मासेमारी केली, होडी चालवली. परदेशांतून बिया मागवून पाम, ग्रेपफ्रूट आणि दाट सावली देणारा दक्षिण अमेरिकेतील बेला सोंब्रा यांसारखी झाडे लावली. बोदरुमच्या रस्त्यांवरील हिरवाईशी त्यांचे नाव आजही जोडले जाते. १९३९ मध्ये ‘एगे कियिलारिंदान’ हा त्यांचा कथासंग्रह आला. त्यामागोमाग आलेल्या कथा-कादंबऱ्यांतून खलाशी, शिडांचे दोर ओढणारे हात आणि स्पंजासाठी खोल पाण्यात उतरून शरीराने कायमचे पंगू होणारे पाणबुडे तुर्की साहित्यात प्रथमच नायक म्हणून आले. तोवरचे तुर्की गद्य बहुतांशी इस्तंबूलच्या दिवाणखान्यांत किंवा अनातोलियाच्या पठारावरील गावांत रमलेले होते. समुद्राकाठच्या श्रमजीवी माणसाला त्यात जागा मिळाली ती या लेखकामुळे.

निळ्या सफरीचा आरंभ

१९४० च्या दशकाच्या मध्यास इस्तंबूल आणि अंकारा येथील काही लेखक-कलावंत त्यांच्याकडे येऊ लागले. समीक्षक आणि अनुवादक साबाहात्तिन एयुबोलू, त्यांचे बंधू कवी-चित्रकार बेद्री राहमी एयुबोलू आणि पुढे अभिजात भाषांच्या विदुषी आझ्रा एरहात हे त्यांपैकी प्रमुख. १९४७ मध्ये मुलांच्या शिक्षणासाठी जेवात यांनी इझमिरला बिऱ्हाड हलवले. तेथे पत्रकारिता आणि पर्यटकांचे मार्गदर्शन यांवर त्यांचा चरितार्थ चाले. उन्हाळ्यात मात्र ही मित्रमंडळी स्पंजवाल्यांची होडी ठरवून समुद्रावर निघत.

या सफरींत ऐषारामाला थारा नव्हता. कडक भाजलेला पाव, चीज, पिण्याचे पाणी, तंबाखू आणि राकी एवढीच शिदोरी. वर्तमानपत्र आणि रेडिओ यांना मज्जाव. झोपायचे ते उघड्या फळ्यांवर, आकाशाखाली. आरंभीच्या सफरी बोदरुमच्या पूर्वेकडील गोकोवाच्या आखातात झाल्या. पुढे हा मार्ग दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे विस्तारत गेला. भुशिराच्या टोकावर दोन बंदरे बाळगणारे क्निदोस, जेथे प्राक्सितेलेसने घडवलेला आफ्रोदितेचा पुतळा पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येत. नदीच्या गाळाने बंदर बुजल्यामुळे समुद्रापासून दुरावलेले काउनोस आणि तेथील कड्यात कोरलेली थडगी. भूकंपाने जमीन खचल्यामुळे अर्धे पाण्याखाली गेलेले केकोवा येथील अवशेष. आणि तीन बंदरांचे फासेलिस, जेथे इसवी सनपूर्व ३३४-३३३ च्या हिवाळ्यात अलेक्झांडर येऊन गेला. त्या काळी या ठिकाणांपैकी अनेकांना धड रस्ता नव्हता. होडी हेच त्यांचे महाद्वार होते.

या सफरींत जेवात शाकिर वाटाड्याही होते आणि कथेकरीही. होमर, हेरोडोटस, स्थानिक दंतकथा, झाडांची नावे, माशांच्या सवयी, सगळे एकाच ओघात येई. १९६२ मध्ये आझ्रा एरहात यांनी या अनुभवांवर ‘मावी योल्जुलुक’ हे पुस्तक लिहिले आणि मित्रमंडळापुरते असलेले नाव देशभर पसरले. त्याच सुमारास कवी आ. कादिर यांच्यासह त्यांनी केलेला ‘इलियड’चा तुर्की अनुवादही पूर्णत्वास गेला. होडीतील चर्चा आणि हे वाङ्मयीन कार्य यांचे नाते जवळचे होते.

या मंडळींचा एक सिद्धान्त होता. युरोप ज्या ग्रीक संस्कृतीला आपली जननी मानतो, तिचा पहिला बहर अथेन्समध्ये नव्हे, तर अनातोलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर आला. थेलीस मिलेटसचा, हेराक्लिटस एफेससचा, हेरोडोटस हालिकार्नाससचा. ही सारी भूमी आज तुर्कस्तानात आहे. तेव्हा हा वारसा परक्यांचा नसून येथे राहणाऱ्यांचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जेवात शाकिर यांनी हा मुद्दा कधी कधी अतिरेकाला नेला. ग्रीसच्या मुख्य भूमीचे श्रेय ते फारच कमी करत आणि त्यांच्या शब्दव्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत, ही अभ्यासकांची टीका रास्त आहे. गावोगावचे ग्रीकभाषक नुकतेच निघून गेलेले असताना त्यांच्या पूर्वजांचा वारसा आपला म्हणून सांगण्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे, हेही खरे.

तरीही या विचाराचे मोल कमी होत नाही. पडक्या देवळांचे संगमरवर चुन्याच्या भट्टीत घालणाऱ्या किंवा बांधकामाला वापरणाऱ्या किनाऱ्याला त्यांनी सांगितले की हे दगड तुमचे आहेत, ते तुम्हीच जपले पाहिजेत. जे आपले नाही ते कोणी राखत नाही, हे साधे व्यवहारज्ञान त्यामागे होते. बोदरुममध्ये एक किस्सा सांगितला जातो. जेवात यांनी म्हणे ब्रिटिश संग्रहालयाला पत्र लिहून कळवले, की मौसोलसच्या समाधीची शिल्पे लंडनच्या करड्या आभाळाखाली शोभत नाहीत, त्यांना एजियनचा निळा प्रकाश हवा. त्यावर संग्रहालयाने दालनाला निळा रंग दिल्याचे उत्तर पाठवले. किस्सा खरा असो वा रचलेला, त्यातील निळ्या रंगाचा फरक बोदरुमच्या माणसाला सांगावा लागत नाही.

स्पंजवाल्या पाणबुड्यांवरचा त्यांचा विश्वास इतिहासानेही खरा ठरवला. १९५८ च्या सुमारास अमेरिकेतील छायाचित्रकार पीटर थ्रॉकमॉर्टन यांना बोदरुमच्या पाणबुड्यांकडूनच समुद्रतळाशी पडलेल्या प्राचीन मालाची माहिती मिळाली. त्यातून १९६० मध्ये गेलिदोन्या भुशिरापाशी जॉर्ज बास यांच्या नेतृत्वाखाली कांस्ययुगीन जहाजाचे उत्खनन झाले. समुद्रतळावर शास्त्रशुद्ध पद्धतीने पूर्ण केलेले ते पहिले उत्खनन मानले जाते. १९८२ मध्ये उलुबुरुन येथील, सुमारे दहा टन तांबे घेऊन बुडालेल्या जहाजाचा सुगावाही एका स्पंजवाल्यालाच लागला. या जहाजांतील वस्तू आज बोदरुमच्या किल्ल्यातील सागरी पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. ज्या किल्ल्यात जेवात शाकिर यांना डांबायचे होते, तोच हा किल्ला.

अखेरचे दिवस

१९७१ च्या लष्करी हस्तक्षेपानंतर साबाहात्तिन एयुबोलू आणि आझ्रा एरहात यांना अटक झाली. राजकीय आरोपांतून ते पुढे सुटले, पण एयुबोलू जानेवारी १९७३ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला इझमिरमध्ये हाडांच्या कर्करोगाने जेवात शाकिर यांचे निधन झाले. त्यांना बोदरुमला आणून खाडीवरच्या टेकडीवर पुरण्यात आले. तेथून समुद्र दिसतो.

त्यानंतर या किनाऱ्यावर पैसा आला. स्पंजाचा धंदा आटला तसे बोदरुमच्या सुतारांनी मालवाहू गलबतांच्या धर्तीवर प्रवाशांसाठी खोल्या असलेली, इंजिनाची ‘गुलेत’ बांधायला सुरुवात केली. अनेक कोळी कुटुंबांना त्यातून अन्न मिळाले, हे नाकारता येणार नाही. पण त्याच वाटेने डोंगरउतारांवर सिमेंटच्या वसाहती चढल्या. १९८० च्या दशकात गोकोवाच्या किनाऱ्यावर, तीव्र विरोध होऊनही, औष्णिक वीज केंद्राचे काम सुरू झाले. २०२१ च्या उन्हाळ्यात या भागातील पाइनची जंगले वणव्यांनी होरपळली. दुसऱ्या बाजूला, केकोवाचा परिसर १९९० मध्ये विशेष संरक्षित क्षेत्र घोषित झाला आणि बुडालेल्या अवशेषांजवळ पोहण्यास व पाणबुडीस बंदी आली. जपणुकीची भाषा अगदीच वाया गेली नाही, एवढे समाधान यातून मिळते.

एका लेखकाने सुरू केलेली सफर अशी त्याच्या हातातून निसटली. मूळ सफरीची अट होती ती कमीत कमी सामान घेऊन जाण्याची, किनाऱ्यावरच्या माणसाला वाटाड्या मानण्याची आणि दगडाला हात लावण्याआधी त्याची गोष्ट ऐकण्याची. आजच्या गलबतांवर थंडगार खोल्या आहेत, सुग्रास जेवण आहे आणि आठवडा संपताच घरी परतण्याची घाई आहे. ती चूक नव्हे. परंतु क्निदोसच्या जुन्या बंदरात नांगर पडतो तेव्हा पाण्याखालची बांधीव भिंत तीच असते, वाराही तोच असतो, आणि होडीतून उतरून वर पाहणाऱ्याला प्राचीन खलाशाला दिसे तोच डोंगर दिसतो. शिक्षा भोगायला आलेल्या एका माणसाने हे पाहण्याची दृष्टी दिली. ती वापरायची की नाही, हे प्रत्येक प्रवाशाने होडीत पाऊल ठेवताना ठरवायचे आहे.